आणायला जायचं नाही : कनकपुरा रोडपलीकडची एक शर्यत

रविवारी सकाळची शर्यत दक्षिण बंगळूरच्या बाहेर असेल आणि तुम्ही उत्तरेकडं पीण्या या कारखान्यांच्या वस्तीत राहत असाल, तर शनिवारीच निघा. रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, आणि पहाटे पीण्यातून त्या टोकाला यायला रिक्षावाला जो आकडा सांगतो तो ऐकून माणूस परत पांघरूण घेतो. मी शनिवारची शिफ्ट संपवली, हातावरचं तेल निघालं तेवढं काढलं आणि पीण्या स्टेशनचा जिना चढलो. पाठीवरच्या पिशवीत बूट, क्लबचा निळा बनियन, टॉवेल आणि गूळ-शेंगदाण्याची पुडी. एवढ्या सामानात शर्यत होते, जास्त काही घेऊ नका.

मी गजानन, मूळचा वसमतकडचा. पीण्यात एका शेडमध्ये सीएनसी मशीन चालवतो. त्याआधी चाकणला होतो, त्याआधी वापीला, मधे थोडे दिवस हैदराबादला. हा कुठं टिकत नाही, असं घरचे सांगतात आणि खरंच सांगतात. कंटाळा आला की मी भांडत नाही, काही मागत नाही, सरळ पिशवी भरतो. बंगळूरला मात्र दोन वर्षं होत आली. ती कशी झाली ते सांगतो.

नवीन होतो तेव्हा सुट्टीला नुसता मेट्रोत बसायचो आणि वाटेल तिथं उतरायचो. असाच एकदा जयनगरला उतरलो, तर झाडांच्या सावलीतून निळ्या बनियनमधली माणसं पळत होती. मीही मागं लागलो, चपलेवर. एका वळणावर चपलेचा अंगठा तुटला, तोंडातून "आयला" निघालं आणि पुढं पळणाऱ्या बाई थांबल्या.

"मराठी काय तू?"

"हो."

"मग चप्पल टाक तिथं. अनवाणी ये स्वल्प पुढपर्यंत, कॉफी पिऊ."

त्या म्हणजे रुक्मिणी अक्का. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून बंगळूरचं. घरात मराठी, पण कन्नड इतकं मिसळलेलं की 'थोडं' म्हणायला त्या 'स्वल्प' म्हणतात आणि 'बरं' म्हणायला 'सरी'. वय साठीकडं आलंय. तरुणपणी स्वतः भरपूर धावल्यात, आता क्लबची टीम बघतात. त्या दिवसापासून मी निळ्या बनियनमध्ये आहे.

आता शर्यतीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. क्रॉस-कंट्री म्हणजे डांबर सोडून माती, गवत, चढ, चिखल यातून धावायचं. आम्ही ज्या लीगमध्ये आहोत तिथं एका टीमचे चौघं धावतात आणि चौघांच्या नंबरांची बेरीज होते. जिची बेरीज कमी, ती टीम वर. त्यामुळे एकजण विजेसारखा पळाला आणि दुसरा मधे बसला तर काही उपयोग नाही. शेवटच्याचा नंबर पहिल्याच्या नंबराइतकाच मोजला जातो.

लीगमध्ये दोन गट आहेत. वरच्या गटाच्या शर्यती रविवारी, खालच्याच्या शनिवारी. आम्ही वरच्या गटात, पण तळाला. आमच्या शेजारी पिवळ्या बनियनवाली टीम होती. ही शर्यत हंगामातली शेवटची. हिशोब सोपा होता: पिवळ्यांच्या आधी आलो तर वर राहणार, मागं राहिलो तर खाली जाणार.

टीममधल्या बाकी तिघांना शनिवारी सुट्टी असते. पीण्यात शनिवारी मशीन चालू असतं. म्हणजे टीम खाली गेली की मी टीमबाहेर. हे मी कुणाला बोललो नव्हतो. बोलून काय करायचं? दुसऱ्या कामासाठी होसूरच्या एका शेडचा नंबर फोनमध्ये होताच.

तर मेट्रो. पीण्याहून जे. पी. नगर एकाच हिरव्या लाइनवर आहे, गाडी बदलावी लागत नाही. साठेक रुपये लागतात. मॅजेस्टिकला गर्दी चढते, पण तोवर तुम्हाला जागा मिळालेली असते. यशवंतपूरपर्यंत खिडकीतून पत्र्याच्या शेडा दिसतात, मग घरं सुरू होतात, मग जयनगरकडं झाडं. दर वेळी वाटतं की तिकीट एका शहराचं काढलं आणि उतरलो तिसऱ्याच शहरात.

मुक्काम तिथंच, कौस्तुभकडं. हा पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये, आमच्या टीमचा चौथा माणूस. चौथा म्हणजे सगळ्यात हळू. त्याने मुगाची खिचडी केली होती आणि ती करपली होती.

"कार्ब्ज आहेत, खा," तो म्हणाला.

"कोळसा पण आहे."

"अरे यार गजा, मला लिटरली झोप येणार नाहीये. उद्या माझ्यामुळे गेलं तर?"

"तुझ्यामुळे कसं जाईल? चौघांचं आहे."

"चौघांचं आहे, पण दिसतो शेवटचाच ना."

मी करपलेलं बाजूला काढून उरलेलं खाल्लं. तूप चांगलं होतं.

पहाटे खाली हॉर्न वाजला. बसू गाडी घेऊन आला होता, शेजारी प्रसन्ना. बसू निपाणीकडचा, बँकेत कॅशियर, टीममधला सगळ्यात जोरात पळणारा आणि सगळ्यात जास्त बोलणारा. प्रसन्ना इथलाच, कन्नड, शाळेत गणित शिकवतो. आमच्यात राहून मराठी सगळं समजतं, बोलतो मात्र मोजकं.

कनकपुरा रोडला लागलात की मेट्रोचे खांब संपेपर्यंत सरळ जात राहा. पुढं मोठमोठ्या इमारती विरळ होतात, मग नारळ, मग नाचणीची शेतं. मोठ्या रस्त्यावरून डावीकडं मातीची वाट आत जाते. तिथं लहान गाडी असेल तर हळू, मधोमध दगड आहेत. बसूने एकावर गाडीचं पोट घासलंच.

"ही गाडी कुणाची रे?" कौस्तुभने विचारलं.

"मेव्हण्याची. म्हणून तर सुखानं चालवतोय."

वाट संपते तिथं नीलगिरीची राई, पलीकडं तळ्याचा उंच बांध, आणि बांधाखाली गवताचा लांब पट्टा. तिथंच सुरुवात, तिथंच शेवट. नीलगिरीच्या ओल्या पाल्याचा वास सर्दीच्या औषधासारखा येतो, पण धावताना बरा वाटतो. पाण्याची सोय आयोजक करतात. संडासाची सोय म्हणाल तर मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलातच उरकून या, नंतर पस्तावाल.

अक्का आमच्या आधी येऊन छत्रीखाली बसल्या होत्या. जवळ कॉफीचा थर्मास. आम्हा चौघांना समोर उभं केलं.

"एकच सांगते. आज कुणी आणायला जायचं नाही."

हे 'आणायला जाणं' आमच्या क्लबचं जुनं वळण आहे. रविवारच्या लांबच्या धावण्यात जो आधी पोचतो तो पाणी पिऊन उलटा मागं जातो, आणि जो सगळ्यात मागं राहिलाय त्याच्या शेजारून गप्पा मारत त्याला घेऊन येतो. कुणी एकटं पोचत नाही. मी पहिल्यांदा आलो तेव्हा तुटकी चप्पल हातात घेऊन अनवाणी पळत होतो, आणि अनोळखी माणसं मला आणायला आली होती. अजूनही कुणी क्लबबद्दल विचारलं तर मी आधी हेच सांगतो.

पण लीगच्या शर्यतीत बाहेरच्या किंवा आधी पोचलेल्या माणसाने शेजारी पळणं म्हणजे मदत, आणि मदत केली की टीम बाद. हंगामाच्या दुसऱ्याच शर्यतीत बसू स्वतः पोचल्यावर सवयीने उलटा फिरला आणि कौस्तुभच्या शेजारून हसत हसत पळत आला. पंचाने आमची अख्खी टीम खोडली. आम्ही तळाला होतो ते त्याच्यामुळे.

"वाटेच्या कडेला दोरी बांधलीय, तिच्या आत पाय टाकायचा नाही," अक्का म्हणाल्या. "बसू, ऐकलंस?"

"अक्का, एकदा चुकलं म्हणून आता जन्मभर ऐकायचं व्हय?"

"हौदु. जन्मभर."

प्रसन्ना गालात हसला. आम्ही बनियन चढवले.

शिट्टी झाली आणि सगळे एकदम त्या गवताच्या पट्ट्यावर सुटले. सुरुवातीला कोपर लागतात, कुणाचा तरी बूट तुमच्या टाचेवर पडतो, घाबरायचं नाही. मी सवयीप्रमाणे बसूच्या मागं चिकटलो. तीन फेऱ्या होत्या. एका फेरीत राई, मग बांधाचा चढ, बांधावरून लांब सरळ वाट, उतार, नाचणीच्या कडेचा चिखल आणि परत गवत. पहिल्या चढावरच कळलं की बसूबरोबर राहिलो तर दुसऱ्या फेरीत माझं काही खरं नाही. त्याला जाऊ दिलं. माझ्यासाठी हे सोपं नसतं. कुणी पुढं जाताना दिसलं की पायाला खाज सुटते.

चिखलात एक युक्ती सांगतो: मधून जा. कडेने कोरडं वाटतं म्हणून सगळे कडेला जातात, आणि त्याच निसरड्या कडेवरून घसरतात. मधे घोटाभर चिखल आहे पण खाली जमीन घट्ट आहे. तिथंच मी दुसऱ्या फेरीत एका पिवळ्याला गाठलं आणि तिसऱ्या फेरीत दुसऱ्याला. बांधावर वारा होता, तळ्यात पाणबगळे होते. श्वास नीट लागला होता, आणि त्या सरळ वाटेवर मला कुठंच जायचं नव्हतं. असं मला फार कमी वेळा होतं.

पोचलो. शेवटची रेघ ओलांडली की दोन दोऱ्यांमधल्या अरुंद वाटेतून एकामागं एक जायचं, आणि हातात नंबराचा बिल्ला मिळतो. बसूचा बिल्ला छान होता, माझाही बरा. थोड्या वेळाने प्रसन्ना आला, दोन पिवळ्यांच्या मधे सापडलेला. येताच त्याने अक्कांकडं बघितलं आणि दोन्ही तळवे तराजूसारखे समोर धरले.

"बराबरी?" अक्कांनी विचारलं.

"बराबरी," तो म्हणाला.

त्यांचे तिघं आले होते, आमचे तिघं आले होते, आणि बेरीज जुळली होती. राहिला त्यांचा चौथा आणि आमचा चौथा. जो आधी, ती टीम वर.

आम्ही दोरीला जाऊन उभे राहिलो. काथ्याची जाड दोरी, कमरेएवढ्या उंचीवर बांधलेली. बांधावर आधी निळा ठिपका दिसला, मग बराच मागं पिवळा. बसूने माझा दंड धरला. कौस्तुभ उताराला आला तेव्हा पिवळा जवळ आला होता. चिखलात कौस्तुभ मधून गेला, मी रात्री सांगितलं होतं तसं. पिवळाही मधूनच गेला, तोही शहाणा होता.

गवतावर आला तेव्हा कौस्तुभचा चेहरा दिसला. डोकं एका बाजूला कललेलं, हात छातीपाशी. रविवारी नेमका असा झाला की मी त्याच्याकडं जातो. काही विशेष करत नाही, शेजारी पळतो आणि खिचडी करपली का विचारतो. तेवढ्याने त्याचं डोकं सरळ होतं, हे मला माहीत आहे. पिवळा आता दहा-बारा पावलांवर होता. मला जाणवलं की माझा एक पाय दोरीखाली गेलाय.

"गजानना," मागून अक्कांचा आवाज आला. ओरडल्या नाहीत. नुसतं नाव घेतलं.

मी पाय मागं घेतला. दोरी दोन्ही हातांनी धरली आणि उभा राहिलो. तिकडं बसूनेही धरली होती. उभं राहणं मला कधीच जमलं नाही, लग्नाच्या पंगतीत वाढतानासुद्धा मी फिरत असतो. कौस्तुभने एकदा आमच्याकडं बघितलं, सवयीने, कुणी येतंय का म्हणून.

"बघू नको! पळ!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

तो पळाला. मी त्याला तसं कधी पळताना बघितलं नव्हतं, डोकं सरळ, हात सुटलेले. पण पिवळा त्याहून थोडा जास्त पळाला. रेघेच्या अलीकडं, हाताच्या अंतराने, तो पुढं निघून गेला.

कौस्तुभ दोऱ्यांच्या वाटेतून बाहेर आला आणि गवतावर आडवा झाला. "सॉरी यार," एवढंच म्हणाला. प्रसन्ना त्याच्या बुटांच्या नाड्या सोडत बसला. तोच पिवळ्या बनियनवाला, वयाने आमच्याहून बराच मोठा माणूस, चालत आला, त्याने खिशातून केळं काढलं आणि मोडून अर्धं कौस्तुभला दिलं. दोघंही तिथंच बसून खात राहिले.

मी गेलो असतो तर कौस्तुभ आधी आला असता, असं मला आजही वाटतं. आणि टीम पुन्हा खोडली गेली असती, हेही खरं.

परत येताना मोठ्या रस्त्यावर जिथं ट्रक उभे दिसतील तिथं खायला थांबा. ताटाएवढी तट्टे इडली, वर लोण्याचा गोळा, आणि फिल्टर कॉफी. एका माणसाला दोन पुरतात, बसूला चार. अक्काही आमच्याच गाडीतून येत होत्या. बसू म्हणाला, खालच्या गटात जाऊ, सगळ्यांना धुऊन काढू, वर्षात परत वर येऊ. कौस्तुभला जरा हसू आलं. तेव्हा प्रसन्नाने चटणीतून मान वर केली.

"शनिवार," तो म्हणाला. "गजाला ड्यूटी."

कौस्तुभने चमचा खाली ठेवला.

"अरे हो. अरे यार! तू बोलला का नाहीस?"

"बोलून काय होणार होतं?"

"मालकाला विचार की लेका," बसू म्हणाला.

"विचारून कुठं मिळतं असं?"

अक्कांनी कॉफी वाटीत ओतली, परत पेल्यात ओतली. "तू विचारलंस कधी? चाकणला, वापीला, कुणाला काही मागितलंस?"

"नाही."

"मग तुला कसं माहीत मिळत नाही ते? स्वल्प विचारून बघ. मग जा तुला कुठं जायचं ते."

जयनगरला अक्कांना सोडलं, मी तिथूनच मेट्रो धरली. झाडं, घरं, मग पत्रे. खोलीवर येऊन बूट धुतले. तांबड्या मातीचं पाणी बराच वेळ निघत होतं. होसूरचा नंबर काढला, बघितला आणि फोन उशाखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मालकांसमोर उभा राहिलो. ते कन्नड, मी मराठी, मधे दोघांचं मोडकं हिंदी. काही शनिवार सुट्टी हवी, बदल्यात रविवारी येतो, असं म्हणालो.

"कशाला?"

"पळायला."

"कोण मागं लागलंय?"

"टीम आहे, सर."

त्यांनी विचारलं, रविवारी शेडमध्ये कुणी नसतं, एकट्याने काम करशील? म्हटलं, करतो. मग म्हणाले, मशीनच्या टाकीतलं कूलंट बदलायचंय, कुणी हात लावत नाही, येत्या रविवारी ते करून दाखव.

कूलंट म्हणजे लोखंड कापताना त्यावर सोडतात ते दुधी पाणी. जुनं झालं की त्याला कुजल्या अंड्यासारखा वास येतो. तो रविवार मी टाकीत कोपरापर्यंत हात घालून काढला. मशीन बंद, पंखा बंद, बाहेर कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. या वेळी सगळे जयनगरला पोचले असतील, कॉफी चालली असेल, असं मनात येत होतं. गाळ उपसला, टाकी पुसली, नवं पाणी भरलं, शटर ओढलं.

समोरच्या बंद चहाच्या टपरीशी तीन निळे बनियन उभे होते. घामाने काळे पडलेले.

"काय रे?"

"यशवंतपूरला उतरून पळत आलो," कौस्तुभ म्हणाला. "तुला आणायला. इथं दोरी नाहीये ना?"

"लेका, वास कसला येतोय तुला?" बसू दोन पावलं मागं सरकला. "लांबून पळ."

प्रसन्नाने माझी डब्याची पिशवी न विचारता खांद्याला लावली. माझ्या पायात लोखंडी टोकाचे सेफ्टी बूट होते, अंगात सकाळपासूनचा थकवा. मेट्रो स्टेशनपर्यंतचा रस्ता काही लांब नाही, पण त्या दिवशी सगळ्यात मागं मी होतो. बसूसुद्धा माझ्या चालीने पळत होता, आणि कौस्तुभ शेजारून विचारत होता, जेवायला काय करणारेस, खिचडी करू का.

सोमवारी मालकांनी टाकीत बोट बुडवून बघितलं, नाकाशी धरलं आणि म्हणाले, "सरी." शनिवारचं जमलं.

पीण्यातून धावायचं मनात असेल तर रविवारीच या. ट्रक कमी असतात, आणि गटाराच्या बाजूने पळू नका. मी शेडमध्ये असलो तर शटर अर्धं उघडं दिसेल, हाक मारा.